यादीत नसलेला गारवा

नोकरीतला माझा पहिला तपासणी अहवाल मी एका लग्नाच्या स्वयंपाकावर लिहिला.

झालं असं, की उद्योग निरीक्षक म्हणून रुजू झालो आणि पहिल्याच आठवड्यात मला नागपुरात महाल भागातल्या एका बोळात साबणाचा नवा कारखाना बघायला पाठवलं. विचारत विचारत गेलो. एका अंगणात मोठमोठ्या कढया चुलींवर चढलेल्या, माणसं घामाघूम, आणि एक उघडेबंब गृहस्थ लांब दांड्याच्या झाऱ्यानं काहीतरी ढवळतायत. साबण कसा करतात हे मला तरी कुठं ठाऊक! मी छापील कागद काढून कामाला लागलो. मालक कुठायत? "आत हायेत, पूजेले बसले." कामगार? "आज इतकेच. उद्या अजून येतीन." कच्चा माल? "बेसन, साखर, तूप." साबणाला तेल-तूप लागतं हे मी कुठंतरी वाचलं होतं. बेसनाचं जरा नवल वाटलं, पण लिहून घेतलं. शेवटी विचारलं, उत्पादन क्षमता? गृहस्थांनी झारा कढईच्या काठावर टेकवला, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "पाचशे पान आरामात उठते जी. तुमी मुलाकडले का मुलीकडले?"

मग मी मुलीकडचा झालो आणि बुंदी खाऊन परत आलो. साबणाचा कारखाना पलीकडच्या बोळात होता.

गंमत सोडा, पण त्या कागदावरचा एकही रकाना रिकामा राहिला नव्हता. लग्नघर कारखान्याच्या कागदात असं बसलं, जसं त्याच्यासाठीच छापलं होतं. पुढच्या नोकरीत जी माणसं खरोखर काहीतरी नवं घेऊन आली, त्यांना मात्र त्याच कागदात बसवता बसवता माझ्या तोंडाला फेस आला. त्यातल्याच एकाची ही गोष्ट.

आमचं खातं बाहेरच्यांना कळत नाही. लग्नकार्यात सोयरे हमखास विचारतात, "उद्योग खात्यात म्हणजे तुम्ही काय उद्योग करता?" साधं सांगतो. त्या काळात लहान कारखाना काढायला कोणाची मनाई नव्हती. पण पत्रा, लोखंड, तांबं बाजारात सरळ मिळायचं नाही, सरकार वाटायचं. त्याला कोटा म्हणत. कोटा हवा तर आमच्याकडं नोंदणी हवी, आणि नोंदणी हवी तर 'काय बनवणार' या रकान्यात आमच्या छापील यादीतलं एक नाव हवं. यादीत बादली होती, पेटी होती, कपाट, कंदील, कुलूप, खिळे होते. यादी केली कोणी? मुंबईत बसून कोणीतरी, त्या वेळी लहान कारखान्यांत जे होत होतं ते पाहून. म्हणजे जे आधीच होत होतं, तेच नव्यानं करायची मुभा होती. म्हणून औद्योगिक वसाहतीत कुठल्याही शेडमध्ये डोकवा, एकीकडं बादल्या आणि दुसरीकडं पेट्या. मी वर्षानुवर्षं बादल्या ठोकल्याचा आवाज ऐकला आहे. अजून शेजारी कोणी डबा आपटला तर माझा हात खिशातल्या पेनाकडं जातो.

गिऱ्हाइकं मात्र तऱ्हेतऱ्हेची यायची. एक वडील मुलाला घेऊन आले. काय बनवणार विचारलं तर वडील म्हणाले, "ते तुमीच पाहून घ्या ना साहेब, काहीबी टाका. पोरगं फॅक्टरीवालं हाय असा कागद पाहिजे. सोयरीक जमली का वापस करतो." दुसरे एक निवृत्त मास्तर. त्यांनी धूळ न उडणारा खडू केला होता. खडू यादीत होता, न उडणारी धूळ नव्हती. मास्तरांना साध्या खडूची नोंदणी दिली. ते इतके निराश झाले, की त्यांची समजूत घालायला मला त्यांच्याच खडूनं फळ्यावर आभार लिहावे लागले.

आता शामराव.

चैत्रातली दुपार होती. कार्यालयाच्या फाटकाशी एक सायकल रिक्षा थांबली. सीटवर पत्र्याचा उभा खोका, आणि त्याला एखाद्या म्हाताऱ्या आत्याबाईला धरावं तसा धरून चालत आलेला एक काळासावळा, तरतरीत माणूस. मागं एक बाई, कडेवर मुलगी. तो माणूस म्हणजे शामराव गोंडाणे, कापडाच्या मिलमधला फिटर. बाई म्हणजे त्याची बायको सुलोचनाबाई.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"हवा हाय जी."

"हवा?"

"थंडी हवा. पलग कुठं हाय तुमचा?"

कूलर हा शब्द आज नागपुरातली पोरं 'आई'च्या आधी शिकतात. तेव्हा तसं नव्हतं. आमच्या कार्यालयात उन्हाळ्यात दाराला वाळ्याच्या ताट्या लावत आणि डोमाजी शिपाई दिवसभर त्यांच्यावर पाणी मारी. डोमाजी जेवायला गेला की सरकारचा कारभार तापायचा. काही बंगल्यांत पंखा बसवलेले लाकडी खोके होते, पण त्यांतही वरून पाणी ओतायला गडी लागे, नाहीतर वेगळा पंप लागे, जो सहसा मिळत नसे. शामरावानं काय केलं होतं, तर पंख्याच्याच दांड्याला मागच्या बाजूनं एक पट्टा चढवून त्यावर छोटासा पंप फिरवला होता. एकाच मोटरीवर वाराही आणि पाणीही.

प्लग लावला. आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क देशकर, त्यांच्या टेबलावरचे कागद फडफडून उडाले. देशकरबाबूंनी दोन्ही हातांनी फायली दाबून धरल्या. मला वाटलं, आता ओरडतील. पण त्यांचे डोळे हळूहळू मिटले.

मी म्हटलं, "शामराव, बंद करा."

"राहू द्या हो," देशकरबाबू डोळे न उघडता म्हणाले, "कागद मी धरतो."

मी विचारलं, हे सुचलं कसं? शामराव पट्ट्याचं आणि पुलीचं सांगायला लागला, तशी सुलोचनाबाई मध्येच म्हणाल्या, "ते सांगू नका वो त्यायले. साहेब, हे आमची शीतल. मे महिन्यात झाली. वर टीन, खाली आमी. डॉक्टरीनबाई बोलली, लेकराले ऊन लागू देऊ नका. हे मिलमधी जायचे. मी एक हात पोरीवर ठेवो, एक हातानं ताटीवर पानी मारो. सयपाक कोन्या हातानं करू? मी यायले म्हटलं, तुमी तिथं येवढ्या मोठ्या मशिनी चालवता, मले एक तिसरा हात बनवून द्या."

शामराव जरा लाजला. "ते बोलली, तं मग बनवला जी."

आणि एवढ्यावर न थांबता त्यानं मिलची कायमची नोकरी सोडली होती. असे तिसरे हात घरोघरी पोहोचवायचे म्हणून.

मी यादी काढली. कूलर यादीत नव्हता. देशकरबाबूंनी चष्मा लावला आणि आम्ही दोघं त्या खोक्याला बसवायला जागा शोधू लागलो.

"पंखा लिहा."

"पंखा विजेच्या मालात जातो. त्याला वेगळा परवाना, तो मुंबईहून."

"मग पाण्याची टाकी?"

"टाकीतून वारा येतो का?"

"फर्निचर?"

शामराव बराच वेळ ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तुमच्या यादीत नाही म्हणून ते हवा देनं बंद करते काय जी?"

बँकेतही मीच त्याला घेऊन गेलो. मॅनेजर सज्जन होते, चहा मागवला. म्हणाले, "कल्पना छान आहे. हे बनवणारे आणखी कोण कोण आहेत? त्यांचे नफ्यातोट्याचे आकडे आणा, म्हणजे मला पुढं पाठवता येईल."

"दुसरा कोनी बनवून राहिला असता," शामराव म्हणाला, "तं मी त्याचाच इकत नसता आनला? मिल काहून सोडली असती?"

"म्हणजे दुसरं कोणीच बनवत नाही?" मॅनेजरांचा चेहरा पडला. "मग तर कठीण आहे."

परत येताना मला ती कल्पना सुचली. आयुष्यात मला कल्पना थोड्या सुचल्या, आणि ज्या सुचल्या त्यांनी लोकांना ताप दिला, ही त्यांतली मोठी. बाहेरून पाहिलं तर तो खोका म्हणजे पत्र्याची पेटीच होती. कडी होती, कोयंडा होता, मागं झाकणही होतं. आत साड्या ठेवायच्या की वारा ठेवायचा, हा गिऱ्हाइकाचा प्रश्न! मी 'काय बनवणार' या रकान्यात लिहिलं, पेट्या. नोंदणी झाली, पत्र्याचा कोटा लागला, औद्योगिक वसाहतीत एक लहानशी शेडसुद्धा मिळाली. मी इतका खूष झालो, की घरी जाताना हिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेतला. ही म्हणाली, "आज काय घोटाळा करून आलात?"

सुलोचनाबाईंनी तेवढं विचारलं होतं, "बक्षीसाहेब, कोनी पेट्या पाहाले आलं तं?"

"कोण येतंय!" मी म्हटलं.

पुढच्या वर्षी आलो तो मीच. नवा नियम आला होता: ज्या मालाची नोंदणी, तो माल किती झाला ते पाहून पुढचा कोटा. मी शेडमध्ये उभा, समोर ओळीनं कूलर, आणि माझ्या हातात पेट्या मोजायचा कागद. शामराव माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. शेवटी मी म्हटलं, "शामराव, थोड्या पेट्या करा ना. दाखवण्यापुरत्या."

त्यानं केल्या, आणि चुकून चांगल्या केल्या! त्याच्या पेटीचं झाकण करकरत नसे, कोपरे लागत नसत. लग्नसराईत लोक शोधत यायला लागले. कूलर घ्यायला आलेल्या माणसाला कूलर म्हणजे काय इथपासून समजवावं लागे, आणि तेही फक्त उन्हाळ्यात. पेटी कोणाला समजवावी लागत नाही. बँकेलाही पेटी लगेच समजली. एक रंगारी येऊन झाकणांवर गुलाब काढू लागला. दर खेपेला मी जाई, तेव्हा पेट्या दाराकडं सरकलेल्या आणि कूलर कोपऱ्याकडं. मी अहवालात लिहीत होतो, 'प्रगती समाधानकारक.'

एकदा माझ्यासमोरच सुलोचनाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "मिलमधी तुमी शेठचे नौकर होते. आता यादीचे नौकर झाले."

"पोट तं भरून राहिलं ना वं!" शामराव ठोकता ठोकता म्हणाला.

"पोट मिलमधीबी भरे."

ठोकण्याचा आवाज थोडा वाढला, एवढंच. मी चहा अर्धा टाकून निघालो.

त्याच सुमाराला एक जर्मन पाहुणा वसाहत बघायला आला. मॅट्रिकला इंग्रजीत मला बरे गुण होते हे साहेबांना कुठून कळलं देव जाणे. त्याला फिरवायचं काम माझ्यावर आलं. उंच, लालबुंद, घामानं भिजलेला माणूस. पहिल्या शेडमध्ये पेट्या. दुसऱ्या शेडमध्ये बादल्या. तिसऱ्या शेडमध्ये पुन्हा पेट्या. त्यानं अतिशय सभ्यपणे विचारलं, की तुमच्या गावात लोक इतकं काय भरून ठेवतात?

शामरावाच्या शेडमध्ये मात्र तो पेट्या ओलांडून सरळ कोपऱ्यात गेला, गुडघ्यावर बसला आणि पट्टा बोटानं फिरवून पाहू लागला. शामराव त्याच्या शेजारी उकिडवा. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला इंग्रजी येत नाही, आणि मला पंप येत नाही. तरी दोघं मान हलवत छान बोलत होते.

मग तो मला म्हणाला, ह्या माणसाकडं उस्तादाचं प्रमाणपत्र आहे का? आमच्याकडं पत्र्याचं दुकान काढायचं तर आधी उस्तादाच्या हाताखाली वर्षं काढायची, परीक्षा द्यायची. ते प्रमाणपत्र नसेल तर दाराला पाटी लावता येत नाही. मी म्हटलं, मग शामराव तुमच्याकडं असता तर काय करता? तो म्हणाला, एखाद्या मोठ्या कारखान्यात चांगल्या पगारावर राहता, आणि हे यंत्र कारखान्याच्या नावानं निघतं. आणि अमेरिकेत? तो हसला. तिथं हा दोनदा बुडता, तिसऱ्यांदा उभा राहता, आणि बुडाल्याचं चारचौघांत अभिमानानं सांगता.

मी शामरावाला ते मराठीत सांगितलं. तो विचार करून म्हणाला, "इथं बुडलो तं शीतलचं लगन नाही होनार जी."

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे, म्हणजे माझ्या कुवतीप्रमाणं. माणसाच्या डोक्यात नवं सुचायचं ते कुठंही सुचतं. लेकराला ऊन लागू नये, हे काही एका देशाचं दुखणं नाही. पण ते सुचलेलं कुठल्या दारातून बाहेर येणार, हे त्या त्या देशाचे कायदे, बँका, सोयरे-धायरे मिळून ठरवतात. त्या जर्मनाकडं आत शिरायलाच दार अरुंद, पण आत शिरलेल्याला काय करतोस म्हणून कोणी विचारत नाही. आमच्याकडं या, बसा, दार सताड उघडं. फक्त नवं काही करू नका. आणि त्या दारावरचा एक द्वारपाल मी होतो. पेन खिशाला लावून बसलेला.

त्यानंतरच्या फाल्गुनात सुलोचनाबाईंनी नवऱ्याला न विचारता एक काम केलं. कोपऱ्यातला एक कूलर रिक्षावर घातला आणि धंतोलीत एका डॉक्टरीणबाईंच्या प्रसूतिगृहात नेला. तिथं बाळंतिणींच्या खोलीत लावून दाखवला. डॉक्टरीणबाईंनी पंधरा मिनिटं खुर्ची टाकून समोर बसून पाहिलं आणि म्हणाल्या, प्रत्येक खोलीला एक पाहिजे, वैशाखाच्या आत.

दुसऱ्या दिवशी शामराव माझ्या टेबलाशी. आनंद झालेला माणूस इतका घाबरलेला मी पाहिला नव्हता.

"साहेब, पत्रा पेटीचा हाय. त्याचे कूलर बनवले तं नोंदनी जाते का?"

"जाते."

"शेड?"

"शेडही जाते."

"अन् पेट्याच बनवत राहिलो तं?"

"तर कोटा वाढवून द्यायची शिफारस मी मागच्याच महिन्यात केली आहे."

त्यानं खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाला, "तुमी काय केलं असतं जी?"

मी सरकारी नोकर. आयुष्यात मी न विचारता बदललेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सायकलची घंटी. मी काय सांगणार? म्हटलं, "मोठे साहेब येत्या आठवड्यात तपासणीला येतायत. तोपर्यंत काही करू नका."

मोठे साहेब पुण्याकडचे, शिस्तीचे, पण मनानं कोरडे नव्हते. त्यांच्याबरोबर शेडमध्ये शिरलो आणि दारातच थबकलो. पेट्या एकही नाही. झाकणं नाहीत, गुलाब नाहीत, रंगारी नाही. कोट्याचा कोरा पत्रा भिंतीशी तसाच रचून ठेवलेला, आणि मधोमध एकच कूलर चालू. बाजूला सुलोचनाबाई पदर खोचून उभ्या.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

माझ्या तोंडात 'पेटी' हा शब्द येऊन बसला होता. इतकी वर्षं मी तो लिहिला होता, एकदा म्हणायला काय हरकत होती! पण शामराव आधी बोलला.

"कूलर हाय जी. पेट्या मी बंद केल्या. तुमच्या पत्र्याले हात नाही लावला, मोजून घ्या. पेट्या मले येते, पन मले पेट्यावाला नाही व्हायचं."

साहेब माझ्याकडं वळले. मी वर पत्र्याकडं बघू लागलो. त्यांनी कूलरसमोर तळवा धरला. मग खुर्ची मागवली, बसले, मागचं झाकण उघडायला लावलं, पट्टा पाहिला. सुलोचनाबाईंनी विचारलं, "चहा ठेवू का जी?" तर ते म्हणाले, "पाणी द्या." दोन ग्लास प्यायले. शेवटी म्हणाले, "मला पटलं हो. पण मला पटून काय उपयोग? यादीला पटलं पाहिजे. मुंबईला शिफारस पाठवावी लागेल, नवी वस्तू घाला म्हणून. त्याला किती काळ लागेल मी सांगू शकत नाही. आणि तोवर हा कोटा मला चालू ठेवता येणार नाही. शेडही नाही."

शामरावानं खिळ्यावरची किल्ली काढली. साहेबांच्या हातात द्यावी की माझ्या, हे त्याला कळेना. सुलोचनाबाई म्हणाल्या, "बक्षीसाहेबाकडं द्या. त्यायनंच देली होती." त्यानं माझ्या हातात किल्ली ठेवली आणि म्हणाला, "शेड घ्या जी. पन ते शिफारस पाठवा."

"बक्षी, मसुदा तुम्ही करा," साहेब म्हणाले आणि गाडीकडं गेले. जाताना एकदा वळून कूलरकडं पाहिलं त्यांनी.

कोट्याशिवाय पत्रा कुठून आणायचा? शामरावानं रस्त्याच्या कंत्राटदारांकडून डांबराची रिकामी पिंपं उचलली. ती उभी चिरायची, आत चिकटलेलं डांबर जाळायचं, ठोकून सपाट करायची. इंदोऱ्याच्या वस्तीत त्याच्या घरामागं इतका धूर व्हायचा, की शेजारीण ओरडायची, "काहून वं सुलोचना, थंडी हवा बनवून राहिले का आमाले भाजून राहिले?" पत्र्याचा काळेपणा जाईना, म्हणून वरून गडद हिरवा रंग. वैशाखाच्या आत ते हिरवे खोके धंतोलीत पोहोचले.

त्या उन्हाळ्यात माझ्या मेहुणीचं बाळंतपण तिथंच झालं. दुपारी डबा घेऊन गेलो. बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं. आत खोलीत हिरवा कूलर घुमत होता, मेहुणी झोपलेली, बाळ झोपलेलं, आणि त्यांच्याजवळ बसलेली आमची हीसुद्धा खुर्चीतच झोपलेली. तिचे दोन्ही हात मांडीवर मोकळे पडले होते. मी डबा आवाज न करता ठेवला आणि थोडा वेळ उगाच उभा राहिलो.

शिफारशीचा मसुदा मी केला. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा केला. मग ते माझं व्रतच झालं म्हणा ना. होळी झाली की मी कूलरची शिफारस पाठवायचो. एकदा मुंबईहून विचारणा आली, की 'ही वस्तू मराठवाड्यात का होत नाही?' मी उत्तर दिलं, की होईल, पण आधी यादीत घाला.

तोवर इकडं काय झालं? डांबराच्या पिंपाचा कूलर कोणालाही पाहून करता येत होता. सीताबर्डीपासून जरीपटक्यापर्यंत गल्लोगल्ली ठोकाठोक सुरू झाली. काहींनी मोठ्या जागा घेतल्या, पाट्या लावल्या, नावं दिली. शामरावाचं नाव कशावरच नव्हतं. मला फार लागलं ते. मी त्याला म्हटलं, तुमची कल्पना सगळ्यांनी उचलली हो. तो म्हणाला, "उचलू द्या जी. उन्हाळा काय माह्या एकट्याचा हाय?" पण हे म्हणताना तो दुसरीकडं पाहत होता, हेही मी पाहिलं.

मधे एकदा तो मोठी मोटर घ्यायला बँकेत गेला. मॅनेजर नवे होते. ते म्हणाले, "कूलर? अहो, ते तर आता सगळेच बनवतात. बाजारात फार स्पर्धा आहे. नवीन काहीतरी घेऊन या." हे सांगताना शामराव इतका हसला, की त्याला ठसका लागला.

आणि एका वर्षी, ध्यानीमनी नसताना, मुंबईहून नवी यादी आली. देशकरबाबू तोवर निवृत्त झाले होते. मी एकट्यानंच ती उघडली. 'क' मध्ये कुलूप होतं, त्याच्या खाली कूलर.

मी अर्ज खिशात घातला आणि भर उन्हात स्कूटर काढली. प्रतापनगरात घर बांधल्यावर स्कूटर घेतली होती. तिलाही त्या दिवशी जोर आला. इंदोऱ्यातल्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना हिरवे कूलर उभे, हातगाड्या लागलेल्या. सुलोचनाबाई एका गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होत्या. शीतल कॉलेजातून येऊन वाळ्याच्या ताट्या मोजून देत होती. शामरावाचे केस पांढरे झाले होते, पण हातोडी तीच.

"शामराव," मी ओरडलो, "आलं! यादीत आलं! चला, सही करा, आता तुम्ही कायदेशीर कूलरवाले!"

त्यानं हातोडी न थांबवता विचारलं, "सही कुठं कराव लागते?"

"कार्यालयात. मग तपासणी होईल, मी येईन. मग नोंदणी."

"किती दिस लागन?"

"लागतील काही आठवडे."

त्यानं गल्लीतल्या हातगाड्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्याच्या डोळ्यांत माया होती, तीच जास्त लागली. "साहेब, सीझन हाय ना जी. पावसाळ्यात येतो. पक्कं येतो." मग माझा चेहरा पाहून म्हणाला, "शीतल, साहेबाले कूलरपाशी खुर्ची टाक वं. उन्हातून आले."

मी बसलो. थंड वारा छान येत होता. अर्ज माझ्या मांडीवर फडफडत होता आणि कोणाला त्याची गरज नव्हती.

संध्याकाळी घरी आलो आणि हिला सगळं सांगितलं. म्हटलं, "इतकी वर्षं लिहिलं, आणि आलं ते त्याचं अडलं नसताना. त्याची शेड गेली, नाव गेलं, आता हे यादीत येऊन कोणाचं भलं झालं?"

ही भाजी निवडत होती. "त्याचं नाही झालं. पण उद्या कोणी कूलर घेऊन आलं, तर त्याला पेटीवाला तर नाही व्हावं लागणार."

"अगं, उद्या येणारा कूलर घेऊन कशाला येईल? तो असं काहीतरी आणेल, की जे यादीत नसेल."

"मग तुम्ही बसलेच आहात ना तिथं? निवृत्तीला अजून पुष्कळ अवकाश आहे," ही म्हणाली. "हात-पाय धुऊन घ्या आधी. आणि यंदा गजरा आणला नाहीत, म्हणजे या वेळी तरी घोटाळा नाही असं मी धरते."